कोचचा करार पक्का, मुलांची ऑफर मात्र तोंडी

टेक्सास ए अँड एम विद्यापीठानं नोव्हेंबर २०२३ मध्ये आपले अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना सीझन संपायच्या आत घरी पाठवलं. संघ म्हणावा तसा जिंकत नव्हता. पण त्यांचा करार २०३१ पर्यंतचा होता आणि त्यातला पैसा हमीचा होता. त्यामुळे यापुढे एक दिवसही काम न करणाऱ्या माणसाला साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं विद्यापीठाला भाग पडलं. अमेरिकेत त्यावर पुष्कळ आरडाओरडा झाला. तरी हा करार पाळायची गरज नाही, असं म्हणायला कोणी धजावलं नाही. सही केली आहे, तर पैसे द्यावे लागणार, हे सगळ्यांनीच गृहीत धरलं.

आता अशाच एखाद्या कोचकडे खेळायला येणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाकडे बघा. दहावी-अकरावीत असताना त्याला सांगितलं जातं, ‘तुला आमच्याकडे पूर्ण शिष्यवृत्ती आहे.’ पूर्ण म्हणजे फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं. खासगी विद्यापीठात हा खर्च आज वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर जातो. मुलगा हो म्हणतो, घरात आनंदीआनंद होतो, बाकीच्या कॉलेजांना नकार कळवला जातो. आणि बारावीच्या डिसेंबरात कागदावर सह्या होईपर्यंत त्या एका वाक्याला कवडीची किंमत नसते. कोच बदलला, त्याच जागेसाठी जास्त वेगवान मुलगा सापडला, सरावात गुडघा गेला, की ऑफर गेली. दाद मागायला जागाच नाही.

अमेरिकी कॉलेजांनी खेळाडूंना दिलेल्या ऑफर बंधनकारक असाव्यात की नाही, हा वाद तिथे जुना आहे. माझं मत स्पष्ट आहे. त्या बंधनकारक असाव्यात, आणि देणाऱ्यावर असाव्यात. घेणाऱ्या मुलावर तितक्याच कडक नसाव्यात. दोन्ही बाजूंना सारखंच बांधा, ही मागणी ऐकायला न्याय्य वाटते. पण एका बाजूला वकिलांची फौज असलेली संस्था आणि दुसऱ्या बाजूला अजून मतदानाचा हक्कही नसलेलं पोर असताना सारखं बांधणं म्हणजे पोरालाच बांधणं. गेल्या ६० वर्षांत नेमकं तेच झालं आहे.

तोंडी ऑफर किती कमी वयात दिली जाते, ते आधी बघू. फेब्रुवारी २०१० मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तेव्हाचे कोच लेन किफिन यांनी डेलावेअर राज्यातल्या डेव्हिड सिल्स या १३ वर्षांच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून चाल रचणाऱ्या खेळाडूला) ऑफर दिली आणि त्यानं ती स्वीकारली. पोरगा सातवीत होता. तो कॉलेजच्या वयाचा होईपर्यंत २०१३ मध्ये किफिन यांनाच काढून टाकलं होतं. सिल्स अखेर वेस्ट व्हर्जिनियाला गेला आणि तिथे रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा, म्हणून चमकला, म्हणजे त्याचं वाईट झालं असं नाही. पण १३ वर्षांच्या मुलाला पाच वर्षांनंतरचं आश्वासन देताना मोठ्या माणसांना काहीच जोखीम वाटत नाही, याचं कारण उघड आहे. ते पाळावं लागत नाही.

एरिक स्वेन्सनची गोष्ट यापेक्षा जास्त बोचते. इलिनॉयच्या या मुलानं मिशिगन विद्यापीठाला दोन वर्षांहून जास्त काळ आधी होकार दिला होता. मधल्या काळात कोच बदलले, जिम हार्बो आले. जानेवारी २०१६ मध्ये, सह्यांचा दिवस (तेव्हा तो फेब्रुवारीत असे) तोंडावर आलेला असताना, त्याला कळलं की आता मिशिगनमध्ये त्याच्यासाठी जागा नाही. त्याला पुढे ओक्लाहोमानं घेतलं. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, कनेक्टिकट विद्यापीठात रँडी एडसॉल पुन्हा कोच म्हणून आले आणि आधीच्या कोचनं न्यू जर्सीच्या एका लाईनबॅकरला (बचावातल्या खेळाडूला) दिलेली ऑफर काही आठवडे उरले असताना रद्द झाली. तोवर बाकीच्या कॉलेजांच्या जागा बहुतेक भरत आलेल्या असतात. हा कोच म्हणतो, मी ऑफर दिलीच नव्हती. आधीचा म्हणतो, मी आता तिथे नाही. विद्यापीठ म्हणतं, कागद कुठे आहे?

कागद नसतो, कारण कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए हिचाच नियम तसा आहे. शिष्यवृत्तीची लेखी ऑफर बारावीचं वर्ष सुरू होताना, म्हणजे १ ऑगस्टच्या आधी देता येत नाही. हेतू चांगला होता: मुलांच्या मागे फार लवकर लागू नका. पण नियमानं कागदावर बंदी घातली, बोलण्यावर नाही. परिणाम असा, की जे लिहून देता येत नाही ते बिनधास्त बोलता येतं. २०१९ पासून बऱ्याच खेळांमध्ये दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत कोचला मुलांशी थेट संपर्क साधता येत नाही. लॅक्रोस या खेळानं तर अशी बंदी आधीच, २०१७ मध्ये घातली. तिथे मुली आठवी-नववीत होकार देत होत्या. या सुधारणेनं ऑफरचं वय थोडं वर सरकलं. ऑफरचं वजन वाढलं नाही.

बड्या फुटबॉल कॉलेजांमध्ये एका वर्षी पंचवीसेक जागांसाठी ऑफर वाटल्या जातात शेकड्यानं. मुलांच्या घरच्यांना हे अनुभवानं कळतं. म्हणून जाणते पालक आता आनंद साजरा करण्याआधी कोचला एकच प्रश्न विचारतात: ‘आज, आत्ता हो म्हटलं तर चालेल का?’ बऱ्याचदा उत्तर येतं, जरा थांबा, आधी उन्हाळ्याच्या कॅम्पला येऊन जा. म्हणजे ऑफर दिली, पण घेऊ नका. ही पद्धत ज्या घरात कोणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्या घरालाच सगळ्यात जास्त फसवते, कारण तिथे हा प्रश्न विचारायचा असतो हेच कोणाला माहीत नसतं.

मग बंधनकारक असं काही कधी नव्हतंच का? होतं, पण ते उलट्या दिशेनं. १९६४ मध्ये ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ सुरू झालं. एका कॉलेजला होकार दिलेल्या खेळाडूंची पळवापळवी कॉलेजांमध्ये शेवटच्या दिवसापर्यंत चालायची. तिला आळा घालण्यासाठी कॉलेजांनीच ही व्यवस्था आणली. मुलगा २१ वर्षांच्या आतला असेल तर पालकांनाही सही करावी लागे. सही झाली की बाकीच्यांनी त्याच्यामागे लागायचं नाही. मुलगा तरीही दुसरीकडे गेला, तर एक वर्ष बाहेर बसायचं आणि खेळायच्या चार वर्षांतलं एक गमवायचं. बदल्यात कॉलेज काय बांधून घेत असे? एका शैक्षणिक वर्षाची शिष्यवृत्ती. बस. आणि पत्रात साफ लिहिलेलं असे, की तुमचा करार विद्यापीठाशी आहे, कोचशी नाही. ज्याच्या शब्दावर मुलानं सही केली तो कोच दुसऱ्या आठवड्यात जास्त पगारावर दुसरीकडे गेला, तरी मुलगा तिथेच अडकलेला.

रोक्वान स्मिथ यातून वाचला तो थोडक्यात. फेब्रुवारी २०१५ मध्ये जॉर्जियातल्या या लाईनबॅकरनं टीव्हीसमोर लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचं नाव जाहीर केलं. पण पत्र पाठवण्याआधीच बातमी आली, की ज्यांच्यामुळे तो यूसीएलएला जाणार होता ते बचावफळीचे प्रशिक्षक जेफ अलब्रिक अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक संघात चालले आहेत. त्यानं पत्र पाठवलंच नाही. काही दिवसांनी तो जॉर्जिया विद्यापीठात गेला, आणि तिथेही त्यानं ते पत्र सही केलं नाही, फक्त शिष्यवृत्तीच्या कागदावर सही केली. म्हणजे कॉलेज बांधलं गेलं, तो मोकळा राहिला. २०१७ मध्ये त्याला देशातल्या सर्वोत्तम लाईनबॅकरचा बटकस पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीत शिकागो बेअर्सनं त्याला आठव्या क्रमांकावर निवडलं. त्यानं जे मागितलं ते इतकं साधं होतं, की प्रत्येक मुलाला ते मिळायला हवं होतं. मिळालं मात्र त्यालाच, कारण त्याच्यासाठी कॉलेजं रांगेत होती. ज्याला एकच ऑफर आहे, तो असं काही मागू शकत नाही.

ते पत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये एनसीएएनं बंद केलं. आता मुलगा थेट शिष्यवृत्तीच्या लेखी करारावर सही करतो आणि ती झाली की इतर कॉलेजांना त्याच्याशी बोलता येत नाही. हा बदल चांगला आहे, याबद्दल दुमत नसावं. पण सहीच्या आधीची दोन-तीन वर्षं अजून जशीच्या तशी वाऱ्यावर आहेत, आणि सहीनंतर काय मिळतं तेही नीट बघायला हवं.

नाशिकच्या एका ओळखीच्या कुटुंबातली मुलगी टेनिस खेळते. तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून असा करार आला तेव्हा तिच्या वडिलांनी मला वाचायला बोलावलं. इनमीन दोन पानं. पहिल्या पानावर शिष्यवृत्तीचा प्रकार, रक्कम आणि मुदत: ऑगस्ट ते मे. खाली ती कधी रद्द होऊ शकते त्याची कारणं: खेळायला अपात्र ठरलात, खोटी माहिती दिलीत, गंभीर गैरवर्तन केलंत, स्वतःहून खेळ सोडलात. मुदतीच्या आत खराब खेळावरून किंवा दुखापतीवरून रक्कम कमी करता येणार नाही, असंही लिहिलं होतं, आणि ते वाचून सगळ्यांना हायसं वाटलं. वडिलांनी पेन्सिलनं ‘मे’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि विचारलं, “ताई, दुसऱ्या वर्षाचं कुठं लिहिलंय?” दुसरं पान उलटून पाहिलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. नियम इतकाच, की पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती चालू राहणार की नाही ते कॉलेजनं १ जुलैपर्यंत कळवायचं. नाही म्हटलं तर विद्यापीठाच्या समितीपुढे सुनावणी मागता येते. मुलगी म्हणाली, “मावशी, कोच म्हणाले होते की चार वर्षांचं नक्की आहे.” कोच मनापासून म्हणाले असतील. पण ते कागदात उतरलेलं नव्हतं.

एका वर्षाची ही पद्धत आपोआप आलेली नाही. १९७३ पर्यंत कॉलेजं चार वर्षांची शिष्यवृत्ती देऊ शकत होती. त्या वर्षी एनसीएएनं ती एका वर्षावर आणली. जवळजवळ चार दशकांनी, २०११ मध्ये, पुन्हा अनेक वर्षांची शिष्यवृत्ती द्यायला परवानगी मिळाली. नुसती परवानगी, सक्ती नाही. तरी सदस्य कॉलेजांनी ती हाणून पाडायला मतदान घेतलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये ६२.१ टक्के मतं परवानगीच्या विरोधात पडली. ती रद्द व्हायला ६२.५ टक्के लागत होती. अर्ध्या टक्क्याच्याही आतल्या फरकानं ती वाचली. शेजारच्या कॉलेजनंही मुलांना चार वर्षांचं लिहून देऊ नये, असं बहुसंख्य कॉलेजांना वाटत होतं. पुढे २०१५ मध्ये पाच बड्या कॉन्फरन्सनी (कॉलेजांच्या गटांनी) खेळाच्या कारणावरून शिष्यवृत्ती काढता येणार नाही असा नियम केला. म्हणजे करता येतं. श्रीमंत कॉलेजांनी ते केलं आणि त्यांचं दिवाळं निघालं नाही. बाकीच्यांची मुलं मात्र पुढेही कित्येक वर्षं दर जुलैला पत्राची वाट बघत राहिली.

या प्रश्नाशी आपला संबंध काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. संबंध आहे, आणि तो वाढतो आहे. हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमसाठी खेळून आली आहे. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून खेळला. टेनिस, पोहणं, गोल्फ, अॅथलेटिक्समधली आपली मुलं हा रस्ता धरतात. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात वाढणारी मराठी घरातली मुलंही धरतात. आणि या खेळांमध्ये पैसा फुटबॉलसारखा वाहत नाही. पुरुषांच्या टेनिस संघाला बरीच वर्षं सगळ्या खेळाडूंत मिळून साडेचार शिष्यवृत्त्या होत्या. त्या वाटून द्यायच्या, म्हणजे कोणाला निम्मी, कोणाला पाव. अशा वेळी ‘तुला साठ टक्के देतो’ हे कोचचं वाक्य घराचा सगळा हिशेब ठरवतं.

परदेशी मुलाला यात आणखी एक फास असतो. विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद विद्यापीठ देतं, पण पहिल्या वर्षाचा खर्च कुठून येणार याचा पुरावा पाहिल्यावर. शिष्यवृत्तीचा करार हा त्या पुराव्याचा मोठा भाग असतो. ऑफर एप्रिल-मे महिन्यात गेली, तर नुसती संघातली जागा जात नाही. व्हिसाचं गणित कोसळतं, आणि इकडे पोरानं सीईटीचा फॉर्मही भरलेला नसतो, कारण तो अमेरिकेला जाणार हे सगळ्या गल्लीला माहीत असतं. अमेरिकी मुलगा निदान आपल्या राज्याच्या कॉलेजात कमी फीवर जाऊ शकतो. कोल्हापूर-सोलापूरच्या मुलाला तशी सोय नाही.

कबूल केलेली जागा ऐनवेळी जाणं २०२५ मध्ये मोठ्या प्रमाणावर घडलं. खेळाडूंना कॉलेजनं थेट पैसे द्यावेत यासाठीचा ‘हाऊस’ खटला तडजोडीनं मिटला. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी जूनमध्ये तिला मंजुरी दिली. पहिल्या वर्षी एक कॉलेज सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर खेळाडूंना वाटू शकेल, असं ठरलं. मुलांच्या दृष्टीनं ही ऐतिहासिक गोष्ट होती आणि मी तिचं स्वागतच करते. पण त्याच तडजोडीत शिष्यवृत्तीच्या संख्येऐवजी संघातल्या डोक्यांच्या संख्येवर मर्यादा आली: फुटबॉलमध्ये १०५, टेनिसमध्ये १०. मंजुरीची वाट न बघता अनेक कॉलेजांनी आधीच मुलांना कमी करायला सुरुवात केली. ज्यांना संघात जागा देतो असं सांगितलं होतं अशी बारावीची मुलंही त्यात सापडली. विल्केन यांनी एप्रिलमध्ये याच मुद्द्यावर मंजुरी अडवून धरली. शेवटी, ज्यांची जागा गेली त्यांना परत घेतल्यास ती मुलं मर्यादेत मोजायची नाहीत, असा तोडगा निघाला. परत घ्यायचं की नाही, हे मात्र कॉलेजच्या मर्जीवर राहिलं. न्यायाधीशांनी आपली बाजू घेऊनही मुलांच्या हातात हक्क म्हणून काही आलं नाही, कारण मुळात त्यांना दिलेला शब्द कोणालाच बांधत नव्हता.

विरोधकांचे मुद्दे मी गंभीरपणे घेते. पहिला असा, की ऑफर बंधनकारक केली तर कोच कमी ऑफर देतील. देऊ देत. २५ जागांसाठी ३०० ऑफर म्हणजे संधी नव्हे. २७५ घरांना खोट्या आशेवर ठेवणं आहे. दुसरा मुद्दा मार्कांचा आणि वागणुकीचा. मुलगा नापास झाला, मारामारीत सापडला, तर कॉलेजनं त्याला घ्यायचं का? नाही घ्यायचं. सशर्त करार हाही करारच असतो, फक्त अटी आधी लिहिलेल्या हव्यात, आणि कोचचं मत बदललं ही अट असू शकत नाही. दुखापतीबद्दल मात्र माझी भूमिका ताठर आहे. ऑफरनंतर मुलाचा गुडघा गेला, तर तो खर्च कॉलेजनंच सोसावा. विमा काढायची ऐपत त्याची आहे, मुलाची नाही. आणि गुडघा बहुतेकदा याच खेळात गेलेला असतो, ज्याच्यासाठी त्याला बोलावलं.

तिसरा मुद्दा आज सगळ्यात जास्त ऐकू येतो. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, २०२१ पासून एकदा आणि २०२४ पासून कितीही वेळा मुलं वर्ष न गमावता कॉलेज बदलू शकतात. मुलं दरवर्षी उठून जातात, मग कॉलेजनंच का बांधून घ्यावं? प्रश्न रास्त आहे. पण पोर्टलचा दरवाजा दोन्हीकडून उघडतो. नको असलेल्या मुलाला कोच बोलावून सांगतात, ‘पुढच्या वर्षी इथे तुला खेळायला मिळेल असं वाटत नाही, तू पोर्टलचा विचार कर.’ कागदावर मुलगा स्वतःहून गेलेला दिसतो. शिवाय एक खेळाडू गेला तर कॉलेज त्याच पोर्टलमधून महिन्याभरात दुसरा आणतं. मुलाला दुसरं कॉलेज मिळेलच असं नाही. पोर्टलमध्ये नाव घातलेल्या अनेकांना कुठेच जागा मिळत नाही. नुकसान सारखं नसेल, तर बंधनही सारखं असायचं कारण नाही.

कायदा तर हे फार पूर्वीपासून मानतो. अमेरिकेत अल्पवयीन मुलानं केलेला करार मुलाला मोडता येतो. समोरच्या सज्ञान माणसाला तो पाळावाच लागतो. भारतात त्याहून कडक: मोहरी बीबी खटल्यात १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल ठरवला. लहान मूल घाईत सही करतं आणि मोठ्या संस्थेला तिची किंमत नीट कळते, हे ओळखूनच कायद्यानं पारडं एका बाजूला झुकवलं आहे. कॉलेज खेळांनी ते उलटं करून ठेवलं.

एक आक्षेप मात्र मला अडवतो. मुलगा पक्की ऑफर खिशात ठेवून शेवटच्या आठवड्यापर्यंत जास्त मोठ्या कॉलेजची वाट बघत राहिला, तर ती जागा ज्याला मिळाली असती त्या मुलाचं काय? तोही १७ वर्षांचाच आहे, आणि त्याला दुसरी ऑफर नाही. म्हणून मुलाला अमर्याद मोकळीक द्यावी असं मी म्हणत नाही. ऑफरला मुदत असावी, ३० दिवस म्हणा. तेवढ्यात सही केली नाही तर कॉलेज मोकळं. सही एका वेळी एकाच ठिकाणी. सहीनंतर ठरावीक तारखेपर्यंत माघार घेता यावी, त्यानंतर फक्त कारण असेल तर: मुख्य कोच गेला, घरात अडचण आली, कॉलेजनं तो खेळच बंद केला. कारणाशिवाय गेला तर एक वर्ष शिष्यवृत्तीशिवाय खेळावं, हे मला मान्य आहे. पण त्याचं खेळायचं वर्ष हिरावून घेऊ नये. खेळाडूकडे तीच एक पुंजी असते.

बंधनाची सुरुवात मात्र सहीपासून नव्हे, शब्दापासून व्हायला हवी. कोचनं कोणत्याही मुलाला ‘तुला शिष्यवृत्ती आहे’ असं म्हटलं, की १५ दिवसांत विद्यापीठाच्या सहीचा कागद त्याच्या घरी गेला पाहिजे: किती टक्के, किती वर्षं, कोणत्या अटींवर. कागद पाठवायची तयारी नसेल तर तोंडी म्हणूही नये. अकरावीच्या आधी तर मुळीच नाही. आणि कागदावर विद्यापीठाचं नाव असल्यामुळे नवा कोच आला तरी तो लागू राहील, जसा जिम्बो फिशर यांचा करार त्यांना काढल्यावरही लागू राहिला.

हे अव्यवहार्य आहे, असं आता कॉलेजांना म्हणता येणार नाही, कारण ती स्वतःच करारांच्या मागे लागली आहेत. जेडन रशाडा या क्वार्टरबॅकनं डिसेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडासाठी ते जुनं पत्र सही केलं. त्याला जाहिरातीच्या हक्कांपोटी कबूल केलेले सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलर आले नाहीत, आणि तो मोकळा व्हायला त्यालाच सुटकेचा अर्ज करावा लागला. २०२४ मध्ये त्यानं कोच बिली नेपियर आणि इतरांवर फसवणुकीचा दावा लावला. तेव्हा कॉलेजांच्या जगातून सूर निघाला, की असल्या बोलण्यावर मुलांनी विसंबायला नको होतं. आणि २०२५ मध्ये जॉर्जियाच्या क्रीडा विभागानं मिझुरीला निघून गेलेल्या आपल्या माजी खेळाडूकडे, डेमन विल्सनकडे, करार मोडल्याबद्दल ३ लाख ९० हजार डॉलर मागितले. विस्कॉन्सिननं आपला खेळाडू फूस लावून नेला म्हणून मायामीवर खटला भरला. कॉलेजांना करार लिहिता येतात, नुकसानीची रक्कम आधी ठरवता येते, ती वसूल करायला कोर्टातही जाता येतं. हे सगळं जमतं, फक्त मुलगा त्यांचं काही देणं लागत असेल तेव्हा.

कॉलेज खेळांवरचं विधेयक २०२५ पासून अमेरिकी काँग्रेसमध्ये चर्चेत आहे, आणि हाऊस तडजोडीची अंमलबजावणी करायला कॉलेज स्पोर्ट्स कमिशन नावाची नवी संस्था उभी राहिली आहे. पैशांच्या वाटपाचे नियम रोज लिहिले जात आहेत. त्यात आणखी एक कलम घालायला पान कमी पडणार नाही. तिथे मतदान करणाऱ्या मराठी पालकांनी आपल्या प्रतिनिधीला याबद्दल लिहावं, अशी माझी विनंती आहे. आणि इथून मुलं पाठवणाऱ्यांनी कोचच्या पहिल्याच फोनवर, नम्रपणे पण न विसरता, चार वर्षांचा कागद मागावा.